एक्स-रेच्या गल्लीतला साहेब

ऋषी, पहिली बातमी ही की भिंतीवर गाय नव्हती.

तू गाय म्हणायचास, मी पाण्यातली नाव म्हणायचो. आपण त्यावर किती रविवार घालवले ते मी लिहून ठेवलेलं नाही, पण सहापेक्षा कमी नसतील. ती दाढ आहे. दातांच्या डॉक्टरच्या खोलीबाहेर लावलेलं दाढेचं मोठं चित्र. खाली दोन मुळं आहेत. तुझ्या गाईचे पाय आणि माझ्या नावेची वल्ही म्हणजे ती मुळं. जुन्या गेममध्ये सगळं एवढं धुरकट होतं की दाढेची गाय होऊ शकत होती. आता नव्याने रंगवून काढलेल्या गेममध्ये भिंतीचा पोपडासुद्धा दिसतो. आणखी एक सोय केली आहे. एक बटण दाबलं की तेच चित्र जुन्यासारखं धुरकट होतं, परत दाबलं की स्वच्छ. मी त्या दाढेसमोर उभा राहून ते बटण अकरा वेळा दाबलं. धुरकट असताना, तुझी शपथ, ती गायच वाटते. नाव मलाही दिसली नाही. हा मुद्दा तुझा.

वहिनींना मी गेम जसा समजावून सांगितला तसाच इथे लिहितो, म्हणजे तुझ्या-माझ्याशिवाय कोणी वाचलं तर अडणार नाही. डोंगरावर एक बंद पडलेला दवाखाना. वीज नाही. आत एक कंपाउंडर अडकलाय आणि त्याला खालच्या फाटकापर्यंत जायचंय. जवळ एक कंदील, एक पिस्तूल आणि मोजक्या गोळ्या. खेळ जिथवर आला तिथे राखून ठेवायचा असेल तर काडी ओढून भिंतीतला दिवा लावायचा, आणि काड्या फक्त बारा. दवाखान्यात एक उंच काहीतरी फिरतं. तोंडाला पट्ट्या गुंडाळलेल्या, पायात बूट. ते दिसण्याच्या आधी बूट ऐकू येतात, टक, टक, टक. त्याचं खरं नाव परदेशी होतं, ते आपल्याला कधी उच्चारता आलं नाही. तू पहिल्याच दिवशी त्याचं नाव साहेब ठेवलंस, कारण तपासणीला आलेला साहेब असाच चालतो.

वहिनी हे सगळं ऐकून म्हणाल्या, "दवाखाना हाये, कंपाउंडर हाये, अन् डॉक्टर नाई. मंग हा आपल्याच इकडला हाये."

तू असतास तर या वाक्यावर खुर्चीतून पडला असतास.

आपण हा खेळ शिकलो तो चंद्रपूरच्या त्या टायपिंगच्या संस्थेत, हे वहिनींना ठाऊक नव्हतं. तू त्यांना सांगितलं होतंस की तू तिथे टायपिंग शिकत होतास. मी दुरुस्ती केली. माझा वेग मिनिटाला चौतीस शब्द झाला होता आणि तुझा एकोणीसवर येऊन थांबला होता, कारण तू कूलरसाठी यायचास. मे महिन्यात साऱ्या गल्लीत कूलर तेवढ्या एका खोलीत होता, कारण तिथे संस्थेचा एकुलता एक रंगीत पडद्याचा संगणक होता आणि सरांना माणसांपेक्षा त्याची काळजी जास्त होती. रविवारी दुपारी सर मागे घरात जेवायला आणि झोपायला जायचे. ते तीन तास आपले. बाहेर डांबर वितळायचं आणि आत आपण वाळ्याच्या वासात, भर उजेडात, थरथरत बसलेलो.

त्यातला एक रविवार मला पूर्ण आठवतो. तू ताडोब्याच्या कडेला वाढलेला माणूस. लहानपणी मोहफुलं वेचताना अस्वल पाहिलेला, वाघाच्या ताज्या पावलावर हात ठेवून "आत्ताच गेला" असं सांगणारा. त्या दिवशी गेममध्ये तू औषधांच्या खोलीत शिरलास आणि मागचं लोखंडी कपाट आपोआप पडलं. तू अशी बोंब ठोकलीस की सर उष्ट्या हाताने धावत आले.

"काय झालं बे? करंट लागला का?"

"नाई सर. कपाट पडलं."

सरांनी खोलीभर पाहिलं. कपाट जागेवर होतं. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कूलरचं बटण बंद करून निघून गेले. ती आपल्याला झालेली शिक्षा.

मी हसून बेजार झालो. "वाघाले भेत नाई अन् कपाटाले भेते का बे?"

तू तेव्हा जे बोललास ते मी नंतर कित्येक लोकांना सांगितलं आहे. "वाघ सांगून येते बे. चितळ ओरडते, वांदर ओरडते, टिटवी ओरडते. साऱ्या जंगलाले मालूम पडते. इथी कोणी सांगतच नाई! हे काय जंगल झालं?"

तुझी खेळायची रीतच जंगलातली होती. दार उघडलं की तू पुढे जायचा नाहीस. उभा राहायचास, मनात दहा मोजायचास, आणि आधी जमीन पाहायचास. मी मात्र मोजदाद करणारा. साऱ्या दवाखान्यात गोळ्या किती, कुठल्या कपाटात किती, साहेबाला मारायला किती लागतात, सगळं माझ्या वहीत. एकूण चौसष्ट. साहेबाला नऊ. मी गोळ्या इतक्या जपायचो की माझा कंपाउंडर एकदा एकतीस गोळ्या खिशात ठेवून मेला. तू म्हणालास, "याच्या तेरवीले पंगतीत वाढू आपण, एकएकाले चार-चार." अशा माणसाशी कोण वाद घालणार? पण मी घातला.

वाद होता एक्स-रेच्या गल्लीचा. खेळाच्या शेवटाकडे एक अरुंद गल्ली येते, तिच्या टोकाला कुलूपबंद लोखंडी दार, आणि समोरून साहेब येतो. मागचं दार लागून जातं. मी तिथे नऊ गोळ्या मोजून घालायचो, साहेब पडायचा, बाजूची खिडकी फुटायची आणि त्यातून बाहेर पडून खेळ पुढे सरकायचा. सरळ हिशेब. पण तुला तो पटायचा नाही.

"त्याले मारायची गरजच नाई," तू म्हणायचास. "पाह्य ना, त्याले डोळे आहेत का? पट्ट्या आहेत. तो आवाजावर येते. उभा राह्य चुपचाप. जाईन तो निघून."

"तो कुठी जाईन? दार बंद हाये."

"ते त्याचं तो पाहीन ना बे. त्याचा दवाखाना हाये."

तू स्वतः तिथे कधी उभा राहू शकला नाहीस, हेही लिहायला हवं. साहेब चार पावलांवर आला की तू कीबोर्ड माझ्याकडे ढकलून पळायचास. पाणी प्यायला, म्हणायचास. म्हणून तू ते काम माझ्यावर सोपवलंस. "तू पक्का माणूस आहे. दहादा करून पाह्य अन् सांग. तू सांगशीन ते मी मानीन."

आता जे सांगतो ते मी या पावसाळ्यात तुझ्यासमोर सांगणार होतो.

एका मंगळवारी मी एकटा संस्थेत गेलो. सरांची परवानगी घेतली. गल्लीत उभा राहिलो. पहिल्यांदा मेलो. दुसऱ्यांदा मेलो. तिसऱ्यांदाही मेलो. प्रत्येक वेळी साहेबाचं पट्ट्यांचं तोंड पडदाभर झालं की माझ्या अंगाला घाम सुटायचा. चौथ्यांदा माझ्याच्याने बसवलं नाही. मी संगणक बंद केला, त्याच्यावर सरांचं फुलाफुलांचं आच्छादन घातलं आणि तुझ्या खोलीवर आलो.

"काय झालं?" तू विचारलंस.

"मेलो. दहाच्या दहा वेळा."

तू म्हणालास, "दहा? मंग संपलं. तू म्हणते तं बरोबरच असन."

एवढंच. तू वाद घातला नाहीस. घातला असतास तर मी कदाचित तिथेच खरं सांगितलं असतं. माझं पुढचं सारं आयुष्य पाटबंधारे खात्यात तलावांची पाणीपातळी नोंदवण्यात गेलं. भर पावसात चिखल तुडवत पाणी मोजायच्या पट्टीपर्यंत जातो, डोळ्यांनी आकडा पाहतो आणि मग लिहितो. घरी बसून अंदाजाने कधीच लिहिला नाही. सहकारी हसतात. त्यांना हे ठाऊक नाही की मी एकदा, फक्त एकदा, न पाहिलेला आकडा दिला होता, तोही गेममधल्या भुताबद्दल, आणि तो तू तेवीस वर्षं खरा मानलास.

पूर्ण मानला नाहीस म्हणा. ताडोब्यात मोहर्लीला जंगलाचा गाईड झालास, गेटवर तुझं नाव झालं, तरी भेटलास की कधीतरी ते निघायचंच. "तुझे दहा आहेत अन् माझं निस्तं वाटणं हाये," तू म्हणायचास, "पण मले अजूनई वाटते, तो निघून जाते." मी विषय बदलायचो. माझ्या मुलीच्या लग्नात, वरात दारात आलेली असताना, तू माझ्या कानाशी येऊन हेच म्हणालास. मी म्हटलं, आधी नवरदेवाला आत येऊ दे.

मग या उन्हाळ्यात तुझा फोन आला. मी गडचिरोलीला ऑफिसात होतो. "अबे, आपला दवाखाना आला परत! नवा रंग मारून आणला त्याहीनं!" तुझ्या आवाजाने शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. मोहर्लीच्या दोन खोल्या तुम्ही पर्यटकांना देता म्हणून वहिनींनी बुकिंगसाठी संगणक घेतलाच होता. ठरलं असं, की पावसाळ्यात जंगलाचा मुख्य भाग बंद झाला, तुला सुट्टी लागली, की मी यायचं. तोवर कोणीही एकट्याने खेळायचं नाही. तू मला शपथ घातलीस आणि मी तुला.

सुट्टी लागायला अकरा दिवस राहिले होते तेव्हा तू गेलास. त्याबद्दल इथे लिहीत नाही. पेपरात चार ओळी आल्या, त्यात तुझं वय एका वर्षाने चुकलं होतं. मी तेवढं फोन करून कळवलं.

तेरवीच्या दिवशी हात धुताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा तो खेळ याहीनं टाकून ठेवला हाये कंपुटरात. तुमी या बाप्पा एकदा. मले त्याच्याकडं पाहवत नाई अन् काढवतई नाई."

म्हणून मी आणि माझी बायको सुनंदा गेलो, तीन दिवसांची सुट्टी काढून. सुनंदा तुझ्या आईजवळ मागच्या पडवीत बसली. वहिनींनी संगणक लावून दिला. गेमचं पहिलं चित्र आलं, डोंगर आणि वर दवाखाना. मी आधी राखून ठेवलेल्या खेळांची यादी उघडली. मला खात्री होती की तू एकदा तरी आत डोकावला असशील. मी तुझ्या जागी असतो तर डोकावलो असतो.

यादी रिकामी होती.

"खेळले नाईत," वहिनी म्हणाल्या. "रोज गेटवरून आले की लावत होते. हे चित्र पाहत, गाणं आयकत, मंग बंद करत. मी म्हटलं, आत काऊन नाई जात? तं म्हणत, शपथ हाये."

मग मी वहिनींना मंगळवारची गोष्ट सांगितली. दहा म्हणालो आणि तीनच होते, ही. तुला सांगायची होती ती पहिल्यांदा त्यांनी ऐकली, याबद्दल माफी.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची जवळ ओढली. "मंग आता करा ना दहा. मी मोजतो."

आपल्याकडे बायाही मोजतो म्हणतात. वहिनींनी तसंच म्हटलं आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन घेऊन बसल्या.

गल्लीपर्यंत पोचायला तिसरा दिवस उजाडला. नव्या रंगात दवाखाना सुंदर दिसतो रे. औषधांच्या खोलीत बाटल्यांवर धूळ दिसते, धुळीत बोटांचे ठसे दिसतात. तू जमीन पाहायचास ते उगीच नव्हतं. फरशीवर बुटांचे ओले ठसे आहेत, पहिल्या खोलीपासून. जुन्या चित्रात ते काळे डाग वाटायचे. कपाट पडलं तेव्हा मला माहीत होतं, तरी मी उडालो. वहिनी मात्र शांत. "पडलं का? उचला मंग," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर पावसाची झड लागलेली, आम्ही एक्स-रेच्या गल्लीच्या तोंडाशी काडी ओढून दिवा लावला. शेवटची काडी. मी गल्लीत जाऊन उभा राहिलो. टक, टक, टक. साहेब आला. पट्ट्यांचं तोंड पडदाभर झालं. मी मेलो.

"एक," मी म्हणालो.

"नाई," वहिनी म्हणाल्या. "तुमचं बोट हाललं."

"नाही हललं."

"भाऊजी, मी तुमच्या हाताकडं पाहून राह्यली होती. त्याच्याकडं नाई."

परत केलं. परत मेलो. परत त्यांनी तेच सांगितलं, आणि या वेळी मलाही दिसलं. माझा अंगठा मागे जाण्याच्या बटणावर होता आणि तो माझ्या परवानगीशिवाय दाबला गेला होता. तेव्हा मला कळलं की त्या मंगळवारचे तीनही धरण्यासारखे नव्हते. मी दहा सांगितले होते, केले तीन, आणि त्यातला खरा एकही नाही.

मी पुन्हा गल्लीत जाऊन उभा राहिलो तसा वहिनींनी कीबोर्ड माझ्यासमोरून उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला. वर पदर टाकला. "आता हाला काय हालायचं ते."

टक. टक. टक. साहेब आला. तोंड पडदाभर झालं. पट्ट्यांमागे श्वास ऐकू येत होता, आत ओढलेला, सोडलेला. मी सेकंद मोजले, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. चौदाव्या सेकंदाला त्याने मान वाकडी केली. बाविसाव्याला तो कंपाउंडरच्या खांद्याला घासून बाजूने निघून गेला.

तो निघून गेला, ऋषी.

गल्लीच्या टोकाच्या लोखंडी दारापाशी जाऊन त्याने खिशातून किल्ली काढली. त्याच्या खिशात किल्ली होती! दार उघडून तो आत गेला आणि दार उघडंच राहिलं. ते दार उघडतं हे आपल्याला कधीच कळलं नसतं. किल्ली ज्याच्याजवळ होती त्यालाच आपण दर वेळी गल्लीत पाडत होतो.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "गेला! गेला ना? याहीचं बरोबर होतं!" मागून सुनंदा आणि तुझी आई काय झालं म्हणून पाहायला आल्या. "चाला आता आत," वहिनी कीबोर्ड पुढे करत म्हणाल्या.

मी म्हटलं, "थांबा. अजून नऊ राहिले."

"अवो, गेला ना तो!"

"एकदा गेला. योगायोग असू शकते."

वहिनींनी कपाळावर हात मारला. पण त्या बसल्या. दर वेळी दिव्यापासून सुरू केलं, दर वेळी कीबोर्ड त्यांच्या मांडीवर, आणि दर वेळी त्यांनी कागदावर रेघ मारली. मधे तुझ्या आईने चहा आणला, एक फेरी त्यांनीही पाहिली आणि म्हणाल्या, "भला माणूस दिसते बिचारा, तोंडाले लागलं त्याच्या." दहा फेऱ्या झाल्या. दहाही वेळा तो निघून गेला. कमीत कमी बावीस सेकंद, जास्तीत जास्त एकतीस. हा आकडा मी पाहिलेला आहे, वहिनींनी पाहिलेला आहे, आणि तुझ्या आईने एक दशांश पाहिलेला आहे.

मग आम्ही दारातून आत गेलो.

आत एक लहानशी खोली आहे. चूल, चुलीवर किटली. टेबलावर गोळ्यांची डबी, आत सोळा. म्हणजे माझे चौसष्टसुद्धा चुकले, एकूण ऐंशी आहेत, आणि त्या सोळांचा काही उपयोग नाही कारण पुढे मारायला कोणी नाही. साहेब पाठमोरा बसला होता. त्याने बूट काढून खुर्चीखाली नीट जोडून ठेवले होते. कंपाउंडर आत आला तरी तो वळला नाही. त्याने किटलीतून कपात काहीतरी ओतलं आणि पट्ट्या जराशा वर करून पिऊ लागला.

वहिनी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होत्या.

"हा तं चाय पिऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "याले तुमी मारत होते?"

"हो."

"किती वर्स?"

"आम्ही दोन वर्षं खेळलो. एकशे चाळीसच्या आसपास वेळा मारला असेल. बहुतेक मीच."

"काऊन पण?"

"ऋषीचं ऐकलं नाही म्हणून."

वहिनी हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, टेबल धरून हसल्या, आणि तुझी आईही हसायला लागली, कशासाठी ते न कळताच. तू गेल्यापासून वहिनी पहिल्यांदाच अशा हसल्या, असं मी लिहिणार होतो. पण मी तिथे रोज नव्हतो. मी होतो त्या दिवसांपुरतं खात्रीने सांगतो. पहिल्यांदाच.